फर्स्ट, सेकंड, चिंधी

चन्नप्पा काकांची नक्कल करायची तर आवाज नंतर. आधी गाल. डावा गाल जरासा पुढं काढायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि समोर आलेली वस्तू, मग ती साबणाची वडी असो नाहीतर बाजारातलं वांगं, हळूच त्या गालाला लावायची. तीन श्वास थांबायचं. चौथ्या श्वासाला निकाल. "फर्स्ट." नाहीतर "सेकंड." नाहीतर खालचा ओठ लोंबता सोडून, "चिंधी."

आठवीत असताना मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा गल्लीतल्या बायका हसून हसून पायरीवरच बसल्या. एकीचं तर दूध उतू गेलं. आता मी अकरावीत आहे आणि बाकी सगळ्यांच्या नकला करते, मुख्याध्यापिकांपासून पाण्याच्या टँकरवाल्यापर्यंत. काकांची करत नाही. का, ते सांगते, पण आधी माणूस सांगायला पाहिजे.

काका मूळचे दुधनीकडचे. चौदाव्या वर्षी सोलापुरात आले, टॉवेलच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला लागले, मग माग चालवला आणि शेवटी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये चेकर झाले ते एकतीस वर्षं. मागावरून उतरलेला टॉवेल चेकरच्या हाताखालून जातो. निर्दोष असेल तर फर्स्ट, कुठं धागा सुटला असेल तर सेकंड, वाया गेला असेल तर चिंधी. बाकीचे चेकर हातानं बघायचे. काका गालानं. "हात कामानं राठ हुतो," म्हणायचे. "मग त्यो खोटं बोलतो. गाल कदी खोटं बोलत न्हाय."

निवृत्त झाले, शेड सुटली, नंबर द्यायची सवय काही सुटली नाही. गल्लीत कुणी काहीही नवीन आणलं की ते आधी काकांच्या ओट्यावर जायचं. निळ्या पाकिटातला चहा सेकंड: "रंग देतोय लई, पन जीव न्हाय." भांडी घासायची नवी पावडर चिंधी: "लिंबू पाकिटावर हाय, आत कुटं हाय?" कोपऱ्यावरचा न्हावी फर्स्ट, पण शनिवारी सेकंड, कारण "शनवारी त्येचं ध्यान रविवारच्या गर्दीत असतंय." डासांची अगरबत्ती त्यांनी आठवडाभर लावून बघितली. "डास मरत न्हाईत. पन त्यास्नी जरा लाज वाटती. सेकंड."

बारच्या बाबतीत तर त्यांचा शब्द शेवटचा. महिन्यातून एक संध्याकाळ, एकटे, सायकलवरून. एका बारमध्ये उजेड फार: "प्यायला बसवलंय का आपरेशनला?" चिंधी. दुसऱ्यात गाणी मोठ्यानं: "मग एमआयडीसीत बसून पिलो असतो की." सेकंड. सात रस्त्याच्या अलीकडच्या गल्लीत मयूरराज परमिट रूम आहे, तो तेवढा फर्स्ट. "तितला वेटर लई शाना. आनतो, ठिवतो, जातो. 'अजून काय?' इचारत न्हाय. मानसाला अजून काय पायजे ते ठाऊक असतं तर त्यो बारमदी कशाला गेला असता?"

मी बारमध्ये कधी पाय ठेवलेला नाही हे आधीच सांगून ठेवते. पण एका दुपारी ओट्यावर बायका जमल्या होत्या, मला चेव चढला होता, आणि मी काका होऊन सुरू केलं: "मयूरराज आता सेकंड झाला बगा. तिसऱ्या टेबलाला लिंबाची बशी आली, काठ फुटलेली. फुटका काठ भिताडाकडं करून ठिवली, गिऱ्हाइकाला दिसू नये म्हनून. पन अंगठा कुटं जातोय? बरोबर तितंच जातोय."

बायका हसल्या. काका माझ्या मागं उभे होते. ते हसले नाहीत.

"तुला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही काका. मी आपलं बनवलं."

"काल आली ती बशी. तिसऱ्या टेबलाला." त्यांनी आपला उजवा अंगठा बघितला. त्यावर बारीक चीर होती. "मी कुनाला बोललो न्हाय."

मग ते माझ्याकडं बघत राहिले आणि बघता बघता डावा गाल चोळायला लागले, तिथं काहीतरी चिकटल्यासारखं.

मला तर आनंदाच्या उकळ्या! नक्कल एवढी पक्की की नुसता आवाज नाही, आतला मालसुद्धा आला. पळत जाऊन नानांना सांगितलं. नाना म्हणजे माझ्या आईचे वडील, कासीम. काकांच्याच शेडमध्ये त्यांनी तीस वर्षं चार चार माग चालवले आणि कान तिथंच ठेवून आले. मागांच्या खडखडाटात कानाचा काही उपयोग नसतो. तिथं माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात, आणि समोरचा ओठ वाचतो. नाना अजून तसेच. टीव्ही मुका करून बातम्या बघतात आणि बातम्या देणाऱ्या बाईशी भांडतात. मला नकलेची पहिली शिकवण त्यांचीच: "आवाज तो सब करते, बेटा. तू ओठ पकड. ओठ बरोबर आले की आवाज मागनं चालत येतो."

बशीचं ऐकून (म्हणजे वाचून) ते शाबास म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "नक्को करू चन्नू की नक्कल," म्हणाले. "कुणाचं तोंड इतकं घ्यायचं नसतं, अरिबा."

मी काय ऐकते! वर्षभर करत राहिले.

यंदा गड्ड्याची जत्रा संपली त्याच आठवड्यात काका गेले. दुपारी जेवले, टॉवेलची घडी गालाखाली घेऊन आडवे झाले, आणि उठले नाहीत. सुंदरम्मा, म्हणजे त्यांची बायको, आम्ही सगळी पोरं तिला अम्मा म्हणतो, ती तासभर शेजारी बसून विड्या वळत होती. तिला वाटलं, झोपलेत.

अम्मा काकांच्या बरोबर उलटी. काका बोलायचे ते पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं; अम्मा बोलते ते तिच्या पदराला ऐकू जातं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी कानडी "हौद?" लावते, आपलंच बोलणं खरं आहे का ते विचारल्यासारखी. तिच्या हातची शेंगाचटणी मात्र गप्प नाही. उखळात कुटते, शेंगदाण्याला तेल सुटून चटणीचा गोळा व्हायला लागला की हात थांबवते. दिवसकार्याच्या जेवणात ती चटणी सात रस्त्यावरच्या प्रभुलिंग किराणावाल्यानं खाल्ली आणि तो दुसऱ्याच दिवशी दारात हजर.

"अम्मा, म्हंजे बगा, ही चटणी माझ्या काउंटरला लागली ना, म्हंजे बगा, गिऱ्हाईक रांग लावतंय. सोमवारी दहा किलो द्या. म्हंजे बगा, मग दर आठवड्याला." हा प्रभुलिंग माझ्या संग्रहातला सगळ्यात सोपा माणूस आहे.

दुसरीकडं दुधनीचा भाचा मागं लागला होता. एकटी कशी राहणार, विड्यांवर काय भागतंय, बोटं चालतात का आता, घर भाड्यानं द्या आणि चला. सोमवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. अम्माला जायचं नव्हतं. "तितं मी कुनाच्या चुलीपुडं बसू, हौद?" चटणी विकली गेली तर ती सोलापुरात, स्वतःच्या घरात राहू शकत होती. एवढं सरळ होतं सगळं. तरी ती प्रभुलिंगला हो म्हणेना.

शुक्रवारी तिनं मला बोलावलं. नानाही आले, बाजारातून तिच्यासाठी शेंगदाण्याची पिशवी आणली होती ती द्यायला. उन्हं तापली होती. नाना उंबऱ्यावर टेकले, आम्ही आत. शेजारच्या घरातले माग धडधडत होते, नेहमीसारखे.

"नंबर न्हाय दिलेला माल शेडच्या भाईर जात न्हाय," अम्मा पदराशी बोलली. "ते म्हनायचे, हौद?"

"हो."

"चाळीस वर्सं माझ्या हातचं खाल्लं त्यांनी. न्हाव्याला नंबर दिला. अगरबत्तीला दिला. दवाखान्यात डाक्टरनं सुई टोचली, त्या सुईला दिला. मला न्हाय दिला. येक दिवस न्हाय." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "मी फर्स्ट, का सेकंड, का चिंधी? ठाऊक न्हाय तर मी इकू कशी? तुला त्यांचा आवाज येतो. इचार त्यास्नी."

बोल म्हणाली नाही. विचार म्हणाली. माझ्या पाठीवर काटा आला, पण खोटं कशाला सांगू, आत कुठंतरी मजाही वाटली. काय अवघड आहे? म्हातारीला एक "फर्स्ट" ऐकवायचं, तिचं घर वाचलं. मी गाल काढला, डोळे अर्धे मिटले.

"सुंदरा, फर्स्ट हाय बग तुजी चटनी. लई फर्स्ट."

अम्मानं मान हलवली. "ह्ये तू बोललीस. ते मला सुंदरा म्हनत न्हवते. ते मला कायच म्हनत न्हवते." ती ताट घ्यायला उठली. "आवाज नको. जेवताना कसे हुते, ते कर."

आणि तिनं ताट वाढलं. कडक भाकरी, दही, सकाळी कुटलेली चटणी. मी काकांच्या जागेवर बसले, भिंतीला पाठ लावून. त्यांचा टॉवेल खुंटीवरच होता, तो अम्मानंच माझ्या खांद्यावर टाकला.

काकांना जेवताना मी शंभरदा बघितलं होतं. भाकरी मोडायची, आवाज ऐकत. चटणी दोन बोटांनी. दोनदा चावायचं आणि थांबायचं. मान वर, नजर समोरच्या भिंतीवर. आणि ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे. बायका इथंच सगळ्यात जास्त हसायच्या. त्या ओठांत शब्द असतील असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी आकार तेवढा उचलला होता.

मी ते केलं.

"हौद," अम्मा म्हणाली. पहिल्यांदाच ते विचारल्यासारखं नव्हतं. "आस्संच. पयल्या घासाला देवाचं नाव घ्यायचे. रोज. म्हनून मी मदी बोलायची न्हाय. मान खाली घालून बसायची."

उंबऱ्यावरून नाना खो खो हसले. बहिऱ्या माणसाचं हसणं, घरभर.

"अरे, ये तो चन्नू! सेकंड बोलतोय बघ! 'आज सेकंड'!"

अम्मानं त्यांच्याकडं बघितलं. नानांना तिचं आधीचं काहीच ऐकू गेलं नव्हतं. ती पदराआडून बोलत होती, त्यांना ओठ दिसले नव्हते. आता तिनं पदर खाली घेतला. "काय म्हनलात?"

"सेकंड! शेडमदे डबा उघडला की हेच. पहिला घास, आणि मागाच्या पलीकडनं मला सांगायचा." नानांनी ओठ हलवून दाखवले. "'आज फर्स्ट, सुंदरम्मानं तीळ भाजून घातलाय.' 'आज सेकंड, मीठ इसरली, मनात कायतरी हाय तिच्या.' हौ, रोज! मी म्हणायचो, घरवाली को बोल, मुझे क्या बोलता? तो म्हणायचा, घरी बी सांगतोच की."

"देवाचं नाव..." अम्मा म्हणाली.

"देव?" नानांनी ओठ वाचले. "जेवताना? चन्नू?" आणि परत हसायला लागले.

अम्मा हसली नाही, रडलीही नाही. ती बोटांवर काहीतरी मोजायला लागली आणि सोडून दिलं. चाळीस वर्षं. तीन हातांवर बसून माणूस रोज सांगत होता, शेडमधल्या भाषेत, आणि ही रोज देवासाठी मान खाली घालत होती. त्याला वाटायचं, हिला कळतंय. शेडमध्ये सगळ्यांनाच कळायचं.

तेवढ्यात लाइट गेली. शेजारचे माग एकदम थांबले. सोलापुरात माग थांबले की कानात काहीतरी ओतल्यासारखं होतं, आपलं रक्त फिरतं तेही ऐकू येतं.

नानांचं हसू थांबलं होतं. ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

"बस कर, बेटा."

"मी काही करत नाही," असं मला म्हणायचं होतं. म्हणता आलं नाही. ओठ रिकामे नव्हते. ते हलत होते, कोरडे, गार, माझ्या तोंडावर असून माझे नसल्यासारखे. घास कधीच गिळून झाला होता. नक्कल मी थांबवली होती. ती थांबली नव्हती.

"काय म्हनतात?" अम्मानं नानांचा हात धरला. परक्या पुरुषाचा हात तिनं कधी धरला नसेल. "नाना, काय म्हनतात ते सांगा."

नाना एक एक शब्द उचलून ठेवावा तसं बोलले. "आज... सेकंड. लसूण... जादा झाला. कुटताना... दोनदा थांबलीस."

मग ओठ मिटले. माझे झाले. मी दोन्ही हातांनी ते दाबून धरले.

मला चटणी छानच लागली होती. लसूण जास्त वाटला नव्हता, आणि कुटताना मी तिथं नव्हते. कुणीच नव्हतं.

"तीन गड्डे जादा घातले," अम्मा हळू म्हणाली. "परबुलिंगला झनझनीत लागती म्हनून. आनि थांबले मी. दोनदा." ती उठली. मला वाटलं आता घेरी येऊन पडते. ती उखळापाशी गेली, परातीतली सगळी चटणी एका डब्यात काढली आणि झाकण आपटून लावलं. "चाळीस वर्सांनी बोलले, ते बी सेकंड!" एवढ्या मोठ्यानं बोललेली अम्मा मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. "बगते मी. बगतेच." आणि नानांच्या पिशवीतले शेंगदाणे तिनं तिथल्या तिथं तव्यावर ओतले.

घरी आल्यावर आरशात बघितलं. माझ्या डाव्या गालावर बारीक बारीक ठिपक्यांची जाळी उमटली होती, टॉवेलवर गाल ठेवून झोपलेल्या माणसाच्या गालावर उमटते तशी. टॉवेल माझ्या खांद्यावर होता. गालाला लागला नव्हता. संध्याकाळपर्यंत जाळी गेली. त्या दिवसापासून नाना जेवताना माझ्यासमोर बसत नाहीत. ताट घेऊन भिंतीकडं तोंड करतात.

रविवारी अम्माचा परत निरोप आला. आई म्हणाली, पाय ठेवायचा नाही त्या घरात. पण सोमवारी टेम्पो यायचा होता. मी नानांना ओढत घेऊन गेले. ते आत आले नाहीत. उंबऱ्यावर बसले ते रस्त्याकडं तोंड करून. "मी वाचणार नाही," पाठमोरेच बोलले. "तुमचं तुम्ही बघा."

"नका वाचू," अम्मा म्हणाली.

घर तीच वस्तू परत परत भाजल्याच्या वासानं भरलं होतं. दोन दिवसांत तिनं किती वेळा कुटलं होतं कोण जाणे, तळव्यांना फोड आले होते. तिनं ताट वाढलं, टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि माझ्या समोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. मान खाली नव्हती. डोळे माझ्या ओठांवर.

मला पळून जायचं होतं. मी भाकरी मोडली. चटणी घेतली, दोन बोटांनी. बाहेर माग चालू होते, धडधड धडधड, आणि ओठांना तो गारवा लागला. मी डोळे मिटून घेतले. ते पुष्कळ वेळ हलले. शुक्रवारपेक्षा पुष्कळच जास्त.

डोळे उघडले तेव्हा अम्मानं पदर तोंडावर घेतला होता आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. पदर खाली आला तर ती हसत होती, लग्नातल्या पोरीसारखी, लाजून.

"कळलं," ती भिंतीकडं बघून म्हणाली. "बास झालं आता. जावा."

ती उठली आणि पिशव्या भरायला लागली. प्रभुलिंगचे दहा किलो. दुसऱ्या दिवशी दुधनीचा टेम्पो रिकामा परत गेला, आणि भाच्याच्या हातात अर्धा किलोची एक पिशवी होती.

"फर्स्ट म्हणाले?" ती पिशव्या भरत होती तेव्हाच मी बसल्या जागेवरून विचारलं होतं.

"फर्स्ट," ती म्हणाली. "आनि फुडं काय म्हनाले ते तुला कशाला पायजे?"

मी पण हसले. जीव हलका झाला होता. टॉवेल काढून खुंटीला लावायला उठणार, तर उजवा हात अडला. त्यात काहीतरी होतं. मी खाली बघितलं. भाकरीचा तुकडा, वर चटणी, जशीच्या तशी.

घास अजून माझ्या हातातच होता, तोंडाला लागलाच नव्हता.